पॉलिशचे तीन हात

"कपाटांची चकाकी गेली म्हणून मिस्त्री बोलवायचा? माझे हात काय खिशात ठेवायला दिलेत?" जावईबापूंनी बायकोला ठणकावून सांगितलं.

बायको आईला आणायला स्टेशनवर निघाली होती. "अहो, स्वयंपाकघराला हात लावू नका. आई चारला येतेय!"

खरी गोम तिथेच होती. बारा वर्षांत जावयाच्या कुठल्याही कामाला सासूबाईंच्या तोंडून 'छान' हा शब्द निघाला नव्हता. आज तो काढायचाच!

बायकोची पाठ वळताच पठ्ठ्यानं लाकडी कपाटं घासूनपुसून कोरडी केली, पॉलिशचा डबा फोडला आणि मिस्त्रीला फोन लावला.

"तीन हात द्या, साहेब. त्याशिवाय चकाकी नाही यायची. आणि हे बघा, मध्ये..."

"कळलं, कळलं!" म्हणून यांनी फोन ठेवलासुद्धा.

तीन हात! दोन स्वतःचे, तिसरा आणायचा कुठून? शेजारचे निवृत्त मास्तर आठवले. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. म्हणजे नेमका एकच मोकळा. गणित जमलं!

"मास्तर, तुमचा डावा हात हवाय!"

"सध्या तेवढाच आहे हो माझ्याकडे!" मास्तर कुरकुरले, पण आले.

मग काय! तीन हातांत तीन ब्रश, अर्ध्या तासात अख्खा डबा फस्त. कपाटं लखलखली, मास्तरांचं प्लास्टरही लखलखलं. जावईबापूंनी खुशीत सगळी दारं धडाधड लावली आणि दोघे गप्पा मारत बसले.

तीनला चहाची तल्लफ आली. कपाटाचं दार उघडेना! जोर लावला, तर मूठ हातात आली आणि जावईबापू जमिनीवर. साखर आत, कप आत, ताटल्याही आत.

"मिस्त्री, धावा!"

मिस्त्रीनं येऊन कपाळ बडवलं. "अहो साहेब, हात म्हणजे थर! एक द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा! आणि तोवर दारं उघडी!"

मास्तरांनी काढता पाय घेतला. मिस्त्री फटीत पातळ पट्टी घालून पहिलं दार सोडवतोय, तोच सासूबाई आत आल्या. त्यांनी चष्मा सावरून पाहिलं.

"अगंबाई! कपाटं काय छान दिसताहेत!"

जावईबापूंचा ऊर भरून आला. ते बोलायला पुढे सरसावले.

"पण दारं कुणी चिकटवली?"

बायको नवऱ्याच्या मिशीला लागलेलं पॉलिश निरखत होती. आता लपवणार काय!

"मी," जावईबापू पुटपुटले.

"वाटलंच मला!" सासूबाई म्हणाल्या आणि मिस्त्रीकडे वळल्या. "तुम्ही मात्र चकाकी छान आणलीत हो!"

मिस्त्रीनं नम्रपणे मान लववली.