दहावीचा वर्ग, आहे त्या स्थितीत

आमच्या हायस्कूलची सगळी बाकं मजबूत असल्यामुळे ती निकामी ठरवण्यात आली. यात कुणाचीही चूक नाही. नवीन बाकं हवी असतील तर जुनी निकामी असली पाहिजेत, असा नियम आहे. आणि आमची सागवानी बाकं काही केल्या मोडेनात. शेवटी हेडमास्तर सुदर्शन सरांनी ती मोडल्याचं कागदावर लिहून दिलं. बाकांचं मत विचारण्याची पद्धत नाही.

मग जाहीर लिलाव ठरला. जाहीर म्हणजे नोटीस सरांच्या कपाटाला आतल्या बाजूनं चिकटवली होती. तरीही गावाला कळलंच. आदल्या दिवशी सगळे बापे देवळात बसले आणि ठरलं, की भावकीत कुणी कुणावर बोली चढवायची नाही. बांधावरच्या एका बाभळीसाठी जुन्नरच्या कोर्टात जाणारी ही माणसं इतक्या गोडीनं वागली, की मला भरूनच आलं.

अडचण एकच आली. नारायणगावचे केवलचंदशेठ, टोमॅटोचे क्रेट विकणारे, ऐन वेळी गाडी घेऊन हजर झाले. आमच्या भावकीतले गेणभाऊ लगबगीनं पुढे झाले.

“या पावणं. आधी च्या घ्या. लिलाव काय पळून जातोय व्हय?”

शेठना आलं चालत नाही, म्हणून उकळलेला चहा ओतून दिला आणि दुसरा टाकला. मग दूध नासलं. मग शेजारून दूध आणलं. शेठनी बशी खाली ठेवली तेव्हा शेवटचं बाक बैलगाडीत चढत होतं.

“उशीर झाला राव तुमाला,” गेणभाऊ हळहळले.

“मला काय करायची होती बाकं?” शेठ म्हणाले. “आईच्या नावाची पाटी लावून शाळेलाच परत देणार होतो.”

गेणभाऊंनी रिकामी बशी उचलली. “मग तर लई बेस झालं. तुमचा खर्च वाचला.”

आमच्या पप्पांनी दोन बाकं पटकावली. त्यातलं एक माझंच निघालं. त्यावर मी कर्कटकानं कोरलेलं ‘वृषाली’ वाचून पप्पा म्हणाले, “बघ, नशिबातच व्हतं आपल्या.” आईनं त्यावर कुरडया वाळत घातल्या.

जूनमध्ये दहावीचा वर्ग फरशीवर भरला. सरांनी नवीन बाकं मागितली. वरून उत्तर आलं, की बाकं फक्त चालू वर्गाला मिळतात, आणि वर्ग चालू आहे की नाही हे बाकं बघून ठरतं. आधी दहावीची तपासणी, साहेब येत आहेत. वर्ग नापास झाला तर दहावी नारायणगावला. आणि पोरीला जीपच्या मागं लोंबकळत तिकडं धाडायचं नाही, नववी झाली तेवढी बास, असा पप्पांचा जुना ठराव. म्हणजे माझी दहावी अंगणात कुरडयांखाली होती.

“पप्पा, एका दिवसापुरती नेऊन ठेवू ना बाकं.”

“आन् ठेवून घेतली म्हंजी? रीतसर घेतल्याती. सोमाजी नेतोय का त्याचं? आधी त्याला इचार.”

मी सोमाजीकाकांकडे गेले. “कुंडलिक नेतोय का?” त्यांनी विचारलं. “तुझा बापच गं. त्यानं नेलं की मी आलोच माघारी.”

सारं गाव पालथं घातलं. एकही माणूस शिक्षणाच्या विरोधात निघाला नाही. सगळ्यांना फक्त दुसऱ्याच्या नंतर यायचं होतं.

साहेब आले. फार सभ्य माणूस. चपला बाहेर काढून आत आले आणि आमच्याकडे बघत म्हणाले, “वर्ग कुठे आहे?”

“आम्हीच की, सर,” मी म्हणाले.

“तुम्ही विद्यार्थी, बाळ. वर्ग वेगळा.”

तो कुठेच सापडला नाही, म्हणून बंद झाला. वर्ग नाही म्हणजे खोली जादा. जादा खोली ठेवता येत नाही. सबब दार, खिडक्या, कौलं यांचा जाहीर लिलाव, आहे त्या स्थितीत.

पुन्हा देऊळ, पुन्हा तीच गोडी. लिलावाच्या दिवशी पप्पा दाराला वीत लावून बघत होते. “गोठ्याला बराब्बर बसतंय.” तेवढ्यात मी उभी राहिले, सगळ्या बाप्यांसमोर.

“अख्ख्या खोलीला एक रुपया. खोली आहे तिथंच राहील आणि आम्ही पोरी आत बसू.”

भावकीत बोली चढवायची नाही हे ठरलेलं. सोमाजीकाका पप्पांकडे बघायला लागले, पप्पा गेणभाऊंकडे आणि गेणभाऊ चहाची किटली शोधायला लागले. लिलावाला आलेल्या साहेबांनीच सगळ्यांची सुटका केली.

“वय काय तुझं?”

“पंधरा.”

“बोली फक्त सज्ञान माणसाला लावता येते, बाळ.”

मी खाली बसले. सज्ञान माणसांनी मग कौलं वाटून घेतली.

दार पप्पांनाच मिळालं. घरी नेताना एक टोक त्यांनी धरलं, एक मी. वाटेत तुम्ही भेटलात. थांबलात. “पोरीची शाळा गेली, लई वाईट झालं,” असं अगदी मनापासून म्हणालात. मग दारावर बोटानं टकटक करून बघितलंत आणि पप्पांच्या कानाशी वाकून विचारलंत,

“केवढ्याला पडलं?”