सबंध गल्लीची मुलगी

"दार लावून बसू नका, वैनी. गल्लीत बरं दिसत न्हाय," असं शेजारच्या बायडाबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. मी हसून दार लावलं.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी दोन इंग्रजी कादंबऱ्यांतल्या जुलमी राज्यांची तुलना करत होते. एक राज्य कुटुंब मोडून माणसं ताब्यात घेतं. दुसरं कुटुंब शाबूत ठेवून घरोघरी हेर पेरतं. अधिक कार्यक्षम कोणतं, हे ठरवायला मला दुपारचे दोन तास हवे होते.

कडी वाजली.

"काय झालं?" बायडाबाई.

"काही नाही, वाचतेय."

"वाचाय दार कशाला लावाय लागतंय? आणि पोरगी?"

"झोपलीय."

"मग झोपल्याली पोरगी बघायची कुणी?"

प्रश्न रास्त असल्याने तो निवृत्त हेडक्लार्क हंबीररावांकडे गेला. रविवारी तालमीत सभा भरली. आणीबाणीमुळे शिस्तीला भाव होता. ठराव एकमताने मंजूर झाला. सदर भगिनी वाचनग्रस्त असल्याने तिच्या दीड वर्षाच्या मुलीवर गल्लीने लक्ष ठेवावे. अनुमोदक, माझा नवरा.

"माणसं मायेनं करत्यात की," तो म्हणाला.

घरांच्या पाळ्या लागल्या. मुलगी परत मागायला सबळ कारण लागू लागलं. 'मी आई आहे' हे कारण हंबीररावांनी फेटाळलं.

"वैनी, गल्लीत आया चाळीस हायत. तुमालाच सवलत दिली तर बाकीच्या गप बसतील व्हय?"

कादंबऱ्यांतल्या सरकारांना याच कामासाठी फौजफाटा लागतो. इथे रोज दारात येणारं आमटीचं पातेलं पुरलं. आमटी घेतल्यावर बंड करता येत नाही.

आज सहा वाजले तरी मुलगी आली नाही.

"आज पाळी ताजबीची. तिच्याकडं असंल की," बायडाबाई म्हणाल्या.

"मी तर हंबीररावांच्यात दिली, भाभी," ताजबी म्हणाली.

"बिनघोर ऱ्हावा. समद्या गल्लीचं लक्ष हाय," हंबीरराव म्हणाले.

"पण आहे कुठल्या घरात?"

"समद्या."

तीनदा गल्ली पालथी घातली. प्रत्येक घराने पुढचं घर दाखवलं. आता चौघीजणींनी मला खांद्याला धरून पायरीवर बसवलंय. घरोघर विचारत फिरणं हा गल्लीवरचा अविश्वास ठराव ठरतो म्हणे.

तुम्ही माझ्या घरातलं इतकं मन लावून वाचलंत, म्हणजे तुम्हीही गल्लीतलेच. जरा उठा. आपल्या स्वयंपाकघरात बघा. दीड वर्षाची आहे, एकाच पायात वाळा. तिला कुणी भरवलंय का?