नातीला मांडीवर घेण्यास परवानगी मिळणेबाबत

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : १) व्याही श्री. विजयसिंह, चंदगड, यांचा फोन. २) त्यांचाच दाढीचा रेझर. ३) सौ. अंबूबाई यांचा तोंडी आदेश.

उपरोक्त विषयी सविनय सांगायचे ते असे, की अर्जदार गणपतराव हे एका सरकारी कचेरीच्या टेंडर शाखेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या टेबलावरचे पेनसुद्धा न विचारता न उचललेले गृहस्थ. (निदान निरोपसमारंभात तसे बोलले गेले होते. भाषण त्यांनीच लिहून दिले होते.) अशा माणसाने भर लग्नघरात व्याह्यांचा रेझर गुपचूप उचलला, आणि पुढचे सगळे त्यातून उद्भवले.

गेल्या हिवाळ्यात व्याह्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न होते. कोल्हापूरहून चंदगडला जाताना गणपतराव पाहुण्यांसाठी पेढे, स्वतःसाठी मफलर आणि पोटासाठी तीन प्रकारची चूर्णे घेऊन गेले. रेझर घरच्या फळीवर राहिला. सकाळी न्हाणीघरात गेले तर समोर व्याह्यांचा रेझर. मागावा, तर मुलीच्या सासरी हसे होणार. एकदा फिरवायचा, धुऊन जागच्या जागी ठेवायचा, कुणाला कळतेय? असा निर्णय त्यांनी स्वतःच्या अधिकारात घेतला आणि हनुवटी कापून घेतली. रक्त थांबेना म्हणून वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला. लग्नाच्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत तो तुकडा आहे. एका फोटोत तर त्यावरचा उसाचा दरही वाचता येतो.

मग अनुजा, म्हणजे त्यांची लेक, बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. गणपतरावांचा सगळा दिवस नातीला मांडीवर घेऊन बसण्यात जाऊ लागला. नोकरीत असताना इतक्या वेळेवर ते कधी जागेवर बसले नव्हते. सगळे सुरळीत असताना चंदगडहून फोन आला.

"गणपतराव, रक्तदानाला गेलतो. माझ्या रक्तात हिपॅटायटीस बी निघालं," विजयसिंह मोठ्या आवाजात म्हणाले. "औषधपाणी चालू केलंय. डॉक्टर म्हणतोय, भ्यायचं काम न्हाय. रक्तातनं पसरतंय म्हणून घरातली समदी तपासून घ्यालोय. अनुजाची टेस्ट बाळंतपणाआधीच झालीया, ती चांगली हाय. तुमचा काय संबंध न्हाय म्हणा, आपलं कानावर घातलं."

गणपतरावांचा हात आपोआप हनुवटीवर गेला. फोन स्पीकरवर होता, आणि हा हात त्यांच्या पत्नी अंबूबाईंनी पाहिला. त्या आत गेल्या आणि अल्बम घेऊन आल्या.

"ह्ये काय?"

"कागद."

"कागदाखाली काय?"

"हनुवटी."

"तुमचा रेझर हितंच फळीवर होता. परत आल्यावर मी बघिटलं की. मग तितं दाढी कशानं केलासा? खुरप्यानं?"

गणपतरावांनी सगळे कबूल केले. अंबूबाईंनी नातीला त्यांच्या मांडीवरून उचलले. "आधी टेस्ट करून या. तवर पोरीला हात लावायचा न्हाय."

"अगं आई, मांडीवर घेतल्यानं काही होत नाही," अनुजा म्हणाली. "आणि बाळाला जन्मल्याबरोबर लस दिलीय."

"तू गप. लस पोरीला दिलीया, ह्यांच्या अकलेला न्हाय."

गणपतरावांनी घाबरून स्वतःचा रेझरही फेकून दिला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण चौकशी लागली की आधी खालच्या माणसाला निलंबित करायचे, ही जुनी सवय. टेस्टला जायचा धीर गोळा होईपर्यंत दाढी बरीच वाढली. शेवटी मुठी चोखणारी नात पलीकडच्या खोलीत नुसती दिसत राहिली तेव्हा त्यांना राहवेना.

पेठेच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात 'हिपॅटायटीस बी रॅपिड टेस्ट करून मिळेल' अशी पाटी होती. दुकान रुबीनाचे. ती कचेरीतल्या करीम ड्रायव्हरची मुलगी, लहानपणापासून पाहिलेली. गणपतरावांना हे काम गुप्त ठेवायचे होते. पण दुकानात आधीच ज्ञानू उभा. हा तालमीतला जुना दोस्त, ज्याने रंकाळा तलावाच्या एका काठावर कुजबुज केली तर दुसऱ्या काठावरचा माणूस वळून बघतो.

गणपतरावांनी एक खोकल्याच्या गोळ्यांचे पाकीट घेतले. ज्ञानू हलेना. मग बाम घेतला. मग क्रेप बँडेज घेतले.

"काका, नक्की दुखतंय कुठं?" रुबीनाने विचारले.

गणपतराव काउंटरवर वाकून हळू म्हणाले, "ती पाटीवरची टेस्ट."

"कसली टेस्ट ओऽ?" ज्ञानू गरजला. रस्त्यावरची रिक्षा थांबली. "म्हातारपणी काय लागलंय आणि?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचं न्हाय. इचारलं. दोस्त म्हणून इचारायचं न्हाय व्हय?" आणि तो चपला सरकवून स्टुलावर ऐसपैस बसला.

रुबीनाने बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर सोडला. "हितं वर एक रेघ आली तर टेस्ट नीट चाललीय. खाली दुसरी आली तर दोष. एकच राहिली तर सुटलासा."

पट्टीवर लाली पसरली. गणपतराव, रुबीना, ज्ञानू आणि रिक्षावाला, सगळे वाकून बघत राहिले. वर एक रेघ उमटली. खालची जागा कोरी राहिली. ठरलेली वेळ संपली तरी कोरीच.

"निगेटिव्ह!" रुबीना हसून म्हणाली. "आता दवाखान्यात जाऊन लसीचा कोर्स करा, म्हणजे पुढची काळजी मिटली." ज्ञानूने गणपतरावांच्या पाठीत अशी थाप मारली की क्रेप बँडेजचा उपयोग तिथेच दिसू लागला.

इथे प्रकरण मिटले असते. पण टेंडर शाखेचा माणूस पुराव्याशिवाय घरी जात नाही. पट्टी कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात टाकायची असते, असे रुबीना सांगत होती. ती गिऱ्हाईकाकडे वळली तेवढ्यात गणपतरावांनी मूळ प्रत रुमालात गुंडाळून खिशात घातली. वाटेत चार ओळखीचे भेटले. चौघांनाही त्यांनी विनाकारण चहा पाजला. घरी पोहोचायला दुपार झाली.

"ही बघ," ते विजयी सुरात म्हणाले आणि रुमाल सोडला.

अंबूबाईंनी चष्मा लावला. "वर एक हाय. आणि खाली ही फिकट काय?"

गणपतरावांनी पाहिले. खाली दुसरी रेघ होती. पुसट, पण होती.

ते भिंतीला टेकले आणि पलीकडच्या खोलीकडे बघत राहिले. नातीने नेमके तेव्हाच पहिल्यांदा हसून दाखवले, तेही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून. "अगं, निदान तिच्या बारशाला तरी मांडीवर..." ते म्हणू लागले.

अंबूबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "चला. मी येतो संगं. काय असंल ते इचारून घेऊ. व्याही औषध खाऊन हिंडत्यातच की. तुमी काय त्यांच्यापक्षा नाजूक हायसा?" आणि वाटभर त्यांनी नवऱ्याचा दंड सोडला नाही.

रुबीनाने पट्टी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "काका, ही तुमी उचलून नेलासा? आधी ती ह्या डब्यात टाका, आणि हात धुवा. वीस मिनिटांनंतर बघायचंच नसतं. नंतर वाळून कसलीबी रेघ दिसती. ती धरायची नसती. तुमच्या हापिसात मुदतीनंतर आलेलं टेंडर घेत होतासा?"

गणपतराव गोरेमोरे झाले. मुदतीनंतर पळत, घामाघूम होऊन आलेल्या कितीतरी कंत्राटदारांना त्यांनी घड्याळ दाखवून परत पाठवले होते. त्यांतले काही अजूनही रस्त्यात त्यांना पाहून फूटपाथ बदलत.

"कवाच न्हाय," अंबूबाई म्हणाल्या. "माझ्या भावाचं टेंडरसुदिक परत पाठवलंतं."

रुबीनाने दुसरी टेस्ट केली. या वेळी अंबूबाई स्वतः पट्टीसमोर बसल्या, आणि त्यांच्यासमोर नको त्या रेघेची उमटायची हिंमत झाली नसावी. एकच रेघ आली. मनाच्या समाधानासाठी लॅबची तपासणीही करायचे ठरले. रुबीनाने दवाखान्याचा पत्ता दिला. गणपतरावांनी निघताना नवाकोरा रेझर घेतला आणि दुकानातूनच व्याह्यांना फोन लावून गुन्हा कबूल केला.

"तुमी वापरलासा व्हय!" विजयसिंह खदखदून हसले. "मी म्हणतोय, लग्नापास्नं त्याची धार गेली कुठं! या की पुढच्या महिन्यात. तुमच्यासाठी येगळा ठेवतो."

घरी येऊन पाहतात तो नात ज्ञानूच्या मांडीवर. निगेटिव्ह निघाल्याची बातमी द्यायला आला होता म्हणे. त्याने ती गल्लीतून येतानाच सगळ्यांना दिली होती.

"आता दे," गणपतरावांनी हात पुढे केले.

"ह्या काट्यांनी पोरीचा गाल सोलून काढशिला," अंबूबाई म्हणाल्या. "आधी दाढी."

गणपतराव न्हाणीघरात धावले. घाईघाईने फेस फासला. रेझर नवा, त्याला धार भलतीच. ते हसतमुखाने बाहेर आले. हनुवटीवर, अगदी जुन्याच जागेवर, वर्तमानपत्राचा तुकडा होता.

अंबूबाईंनी तुकड्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. "खपली पडल्याबिगर पोरीला हात लावायचा न्हाय."

नात ज्ञानूच्या मांडीवर झोपी गेली. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.