खोक्यांवरचं मराठी

पेठेकाकांच्या घरी गेलं, की काकांच्या आधी त्यांचं घर बोलायला लागायचं. दाराच्या मुठीखाली चिठ्ठी: 'जोरात ओढू नये. मीही साठीची आहे.' मिठाच्या बरणीवर: 'मीठ. आधी भाजी चाखा, मग मला हात लावा.' मायक्रोवेव्हवर नुसतंच: 'उगाच घाई.' सगळं मराठीत, टपोऱ्या अक्षरात, आणि वस्तूच्या नावाबरोबर तिच्याबद्दलचं काकांचं मतही. विचारलं, तर म्हणायचे, "लिहून ठेवलेलं बरं." काकू म्हणायच्या, "माझ्यावर अजून चिकटवली नाहीये, हेच नशीब."

काका रिफायनरीतून रिटायर झालेले इंजिनिअर. घर ह्यूस्टनजवळ, शुगर लँडला. मी ह्यूस्टनला पीएचडी करत होते आणि शनिवारी त्यांच्याकडे वरणभात जेवायला आणि कपडे धुवायला जायचे. या कारणांचा क्रम उलटाही असेल. तीन वर्षांत काका माझ्याशी एकूण जितकी वाक्यं बोलले असतील, ती एका पोस्टकार्डावर मावली असती. मंडळाच्या गणपतीत त्यांच्यावर भाषणाची पाळी आली, तेव्हा त्यांनी ते सुबक अक्षरात लिहून आणलं, माझ्या हातात कोंबलं, आणि स्वतः प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. लोकांना वाटलं, भाषण माझंच आहे. टाळ्याही मलाच मिळाल्या.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आमच्या इंडियन स्टुडंट्सच्या ग्रुपवर डेना नावाच्या मुलीची ईमेल आली. ती एका रेकॉर्ड कंपनीत होती. कंपनीनं ह्यूस्टनमधली एक जुनी, कधीच बंद पडलेली रेकॉर्ड कंपनी विकत घेतली होती, आणि तिच्या गोदामात सत्तरच्या दशकातल्या टेपांची शेकडो खोकी सापडली होती. कृष्णवर्णीय गायकांचं सोल संगीत. चर्चच्या गाण्यातून निघालेलं, प्रेमात पडलेल्यांचं आणि प्रेमातून पडलेल्यांचं गाणं. त्यातली कितीतरी गाणी कधी बाहेर आलीच नव्हती. खोक्यांवर कुठल्यातरी भारतीय लिपीत काहीतरी लिहिलंय, ते कुणी वाचून देईल का, असं तिनं विचारलं होतं. मला सोलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जेवण देणार होते, म्हणून गेले.

गोदाम थंडगार होतं. बाहेर रस्ता वितळेल इतकं ऊन, आणि आत एसीची एकसुरी घरघर. डेना कुठलीतरी टेप लावून बसली होती. एक माणूस अगदी हळू आवाजात कुणाची तरी समजूत काढत गात होता. तीस वर्षं कुणी ऐकलं नव्हतं त्याचं. मी दारातच उभी राहिले. दोन मिनिटं मला माझी थीसिस, माझा गाईड, कशाचीच आठवण झाली नाही.

डेना दोन महिने एकच टेप शोधत होती. अर्नेस्टीन नावाच्या बाईंची. ऐन तारुण्यात त्या इथे चार गाणी गायल्या. मालकानं ऐकली, म्हणाला, "कुणी घेणार नाही, पुसून टाका." बाईंनी त्या दिवसापासून गाणं सोडलं आणि पुढे तीस वर्षं शाळेची बस चालवली. आता त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं, पुढच्याच आठवड्यात. त्याआधी त्यांना एकदा ऐकायचं होतं, की आपण खरंच इतकं वाईट गायलो होतो का.

"कुणीतरी मुद्दाम गोंधळ घालून ठेवलाय," डेना वैतागून म्हणाली. "ए-बी-सी नाही, तारखा नाहीत, काही नाही."

मी पहिल्या फळीपासून गायकांची नावं वाचत गेले. अर्ल, आर्थर, एडी. मग कार्ल, ग्लोरिया, चार्ल्स. बॉबी पार पलीकडे, फ्रँकच्या नंतर. सगळ्यात शेवटी हेन्री. मी खाली बसून हसायला लागले. अख्खं गोदाम आपल्या मुळाक्षरांप्रमाणे लावलं होतं.

आणि प्रत्येक खोक्यावर शेरा. 'आवाज गोड. ड्रमवाल्याची बस चुकत असावी.' 'ट्रम्पेट आवरा.' 'दुसरं कडवं ऐकताना डबा खायचा राहिला.' टपोरं अक्षर. ते मी दर शनिवारी मिठाच्या बरणीवर वाचत होते.

'अ'मध्ये अर्नेस्टीन नव्हत्या. मी काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बाई आहेत अजून? उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. बरोबर काकू, चांगल्याच तापलेल्या. "तीस वर्षं संसार केला यांच्याबरोबर. इथे नोकरी केली होती, हे मला काल कळतंय." विद्यार्थी असताना काका दुपारी या गोदामात काम करायचे. टेपा ऐकायच्या, तपासायच्या, फळीवर लावायच्या.

काका थेट कोपऱ्यातल्या खालच्या फळीशी गेले आणि एक खोकं काढलं. वर इंग्रजीत ठळक लिहिलं होतं, 'खराब टेप. वापरू नये.'

"खराब नाहीये," काका म्हणाले. "मालकाने पुसायला सांगितली होती. मी दुसरी कोरी टेप दिली त्यांना. आयुष्यात एवढंच खोटं लेबल लावलं."

खाली बारीक अक्षरात मराठी मजकूर होता. काकांनी त्यावर अंगठा ठेवला.

"पण काका, मराठीत का लिहायचात?"

"तीन वर्षं मराठी बोलायला कुणी नव्हतं गं. दिवसभर येस सर, नो सर. इतकं सुंदर ऐकायचं आणि सांगायचं कुणाला? मग खोक्यांना सांगायचो. पुढे तीच सवय लागली. बोलायची गेली."

काकूंचा राग कुठच्या कुठे गेला. आणि युनिव्हर्सिटीत मी त्या चिठ्ठ्यांची नक्कल करून दाखवायचे, त्याची मला लाज वाटली.

शुक्रवारी अर्नेस्टीनबाई आल्या. उंच, सावकाश चालणाऱ्या, डोक्यावर जांभळी हॅट. डेनानं टेप लावली. आधी नुसती खरखर, मग लांबून आल्यासारखा ऑर्गन, आणि त्यातून वर येणारा तो आवाज. पंचविशीतला, कुणाचीही परवानगी न मागणारा. बाई स्वतःच्याच आवाजाकडे मान कलती करून बघत राहिल्या. चारही गाणी झाली.

"मी चांगली गात होते," त्या म्हणाल्या. मग रुमालात तोंड लपवून बसल्या. जरा वेळानं त्यांनी खोकं हातात घेतलं. "हे काय लिहिलंय?"

काका कानापर्यंत लाल झाले. नेहमीसारखं खोकं त्यांनी माझ्याकडे सरकवलं. मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तोच बाईंनी हात वर केला. "ज्यानं लिहिलंय त्याला वाचू दे. लिहिलंय तसंच."

काकांनी चष्मा पुसला. दोनदा घसा खाकरला.

"आज एक बाई गायल्या. निम्मे शब्द कळले नाहीत. या गावात आल्यापासून आज पहिल्यांदा वाटलं, की कुणीतरी माझी चौकशी केली. त्यांना जाऊन सांगावं, असं फार वाटलं. धीर झाला नाही."

बाईंना त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले होते, आणि गुडघ्यावरचं बोट अगदी हळू हलत होतं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली. मग काका पुन्हा वाचायला लागले, या वेळी जरा मोठ्यानं.