तुसावर भाकरी भाजणारे महादूकाका

माझ्या वडिलांच्या चितेसमोर दोन्ही हात पुढे करून महादूकाका म्हणाले, "अर्धी धग फुकट वर चाललीया रं!"

मी हादरलोच. नुकताच अग्नी देऊन मागे सरलो होतो, आणि वडिलांचा जन्माचा मित्र लाकडांवर बोलत होता. चुलतभावाने त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं.

आमच्या कडाव गावात त्यांची ही खोड सर्वांना माहीत होती. कुणाकडेही गेले की आधी चुलीपाशी. धगीवर हात धरायचे, राख चिमटीत चोळायचे. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी आचाऱ्याच्या चुलाण्यातून तीन लाकडं ओढून काढली. भात कच्चा राहिला. काका वऱ्हाडालाच विचारत होते, "पन लाकूड वाचलं का नाय?"

त्यांना बायको-मूल नव्हतं. ध्यास एकच होता. भात भरडल्यावर गिरणीमागे तुसाचे ढीग पडत. काकांनी पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी केली, भोवती तूस ठासलं, बाटली अलगद उपसली आणि खालच्या भोकातून पेटवलं. पहिल्या शेगडीने त्यांची डावी भुवई नेली. "उजवी हाय अजून," म्हणाले आणि दुसरी पेटवली. तिच्यावर भाकरी झाली.

मी भिवपुरीच्या वीजघरात कारकून. वडिलांचं तेरावं झालं आणि काका रोज संध्याकाळी माझ्या ओटीवर येऊ लागले. "सुऱ्या, एक पत्र लिव." कधी पत्र्याच्या व्यापाऱ्याला, कधी कलेक्टरला. ते अंगठेबहाद्दर आहेत असंच मी धरून चाललो होतो. मी लिहायचो, ते चहा पीत कागदाकडे टक लावून बघायचे. स्मशानातलं ते वाक्य माझ्या मनातून जात नव्हतं.

मग त्यांनी शेगड्यांच्या कारखान्यासाठी ग्रामपंचायतीकडे जागा मागितली. गाव बिथरलं. आमच्याकडे पावसाआधी राब भाजतात: रोपांच्या जमिनीवर शेण, पाला, तूस पसरून जाळायचं, मगच भात पेरायचा. "समदं तूस ह्यो नेनार, मग राबाला काय, आमच्या टोप्या जाळू?" लोकांनी विरोधाचा अर्ज करायचं ठरवलं आणि लिहायला माझ्याकडे आले.

मी लिहिला. नुसता लिहिला नाही, रंगवला. 'सदर इसम विक्षिप्त असून गावास धोका आहे', हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी तोच कागद घेऊन काका ओटीवर. "पंचायतीनं उत्तर मागितलंय. वाच बघू, काय लिवलंय?"

माझा अर्ज मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. 'विक्षिप्त' मी भरभर वाचून टाकलं.

"झकास लिवलाय कोनीतरी," काका म्हणाले. "आता उत्तर पन तसंच झकास लिव. राख काय कुठं पळून जात नाय म्हनावं. आदी भाकर भाजा, मग तीच राख राबाला टाका. एका तुसाची दोन कामं."

इतकी साधी गोष्ट अख्ख्या गावाला आणि एका कारकुनाला सुचली नव्हती. मी जीव ओतून उत्तर लिहिलं.

पंचायतीत सरपंचांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. "काय रं सुऱ्या, दोन्हीकडून तूच भांडतोस व्हय? राख राबाला परत मिळंल, ह्ये बी तूच लिवून देनार?" लोक हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"त्याला कशाला इचारताय? कारखाना माझा हाय," काका उठले. "राखेचं लिवून पायजे ना? द्या हिकडं." त्यांनी टाक घेतला आणि चार ओळी लिहिल्या. भरभर, मोत्यांसारख्या.

जागा मंजूर झाली, पण माझे डोळे त्या चार ओळींवरच होते. परतताना बांधावर मी कसाबसा म्हणालो, "काका, तो अर्ज तुम्ही वाचला होता?"

"दोनदा. तुझं अक्षर मी वळखनार नाय?"

"मग इतके दिवस पत्रं माझ्याकडून का लिहून घेतलीत?"

त्यांनी बांधावरची एक वाळकी काटकी उचलून काखेत मारली.

"तुझ्या बापासंगं रोज त्या ओटीवर बसायचो रं. तो गेल्यावर यायला काय तरी निमित्त पायजे ना."

स्मशानात त्यांचे ते दोन्ही हात धग बघायला पुढे झाले होते, मित्राला धरायला नव्हे, असं मी तोवर समजत होतो.