तिसरा ठोका

वीस बाजूंच्या त्या फाशावर एकोणीस आकडे स्वच्छ दिसत होते. सातचा मात्र जवळजवळ पुसून गेला होता. फासा खोटा असेल अशी शंका येऊन धाकटीने तो मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिला होता. दर वेळी वेगळीच बाजू वर आली, म्हणजे फासा निर्दोष निघाला. रंग तिच्याच अंगठ्याने गेला होता. टाकण्याआधी ती फासा इतका वेळ चोळत बसायची.

धाकटी शेहेचाळीस वर्षांची होती, पण दादासमोर ती धाकटीच. वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत ती नोकरी करायची. एकच वजन तीनदा ठेवायचं, तिन्ही वेळा काटा तेच बोलला तरच नोंद करायची, असा तिथला नियम. संध्याकाळी घरी निघताना ती हा नियम तिथे ठेवून येत नसे. गॅस बंद आहे का, हेसुद्धा ती तीनदा पाहायची.

खेळ दादाचा. हॉस्टेलवरून त्याच्या लेकीचा फोन आला होता, "बाबा, तुमचा तो कॉलेजातला खेळ आहे का अजून? आमच्याकडे सगळे आता तोच खेळतात!" दादा दातांचा डॉक्टर. त्या दिवशी दोन दाढा भराभर उपटून तो घरी आला आणि पोटमाळ्यावरचा खोका उतरवला. खेळ साधा होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा सांगणार. गोष्ट दादा सांगायचा. शाळेच्या वाचनालयात जन्मभर "शांत बसा" म्हणत आलेली वहिनी खेळात कुऱ्हाडवाली राक्षसीण होती. लिफ्ट दुरुस्त करणारा दादाचा मित्र मांत्रिक होता आणि दर रविवारी उशिरा यायचा. धाकटी होती कुलुपं उघडणारी चोर.

ही चोर गेले सहा रविवार एकाच दारापुढे उभी होती.

"मी आधी दाराला कान लावते," ती म्हणायची. पुढच्या रविवारी ती बिजागऱ्या तपासायची, त्याच्या पुढच्या रविवारी फटीतून वास घ्यायची.

"वन्सं, दार आहे की सोयरीक?" वहिनी वैतागायची. "माझी कुऱ्हाड गंजली!"

खेळ धाकटीच्याच घरी चालायचा, दिवाणखान्यात. त्याला लागून आईची खोली होती. आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ती बंद होती. किल्ली हरवली होती. पुढच्या महिन्यात दादाच्या लेकीला याच गावात नोकरी लागणार होती आणि ती आत्याकडेच राहणार होती. तिला खोली हवी होती. "कुलूप तोडू या," दादा म्हणायचा. "पुढच्या रविवारी," धाकटी म्हणायची.

सातव्या रविवारी दादाने वातावरणनिर्मिती मनावर घेतली. भर दुपारी खिडकीवर जाड चादर ठोकली. टॉर्चला लाल कागद गुंडाळला आणि त्यात सेल नाहीत म्हणून दाराच्या बेलचे काढून घातले. सगळ्यांचे फोन नेहमीप्रमाणे स्टीलच्या डब्यात गेले. लाल उजेडात वहिनी खरोखरच राक्षसीण दिसायला लागली.

"दार तसंच आहे," दादाने आवाज खाली आणला. "आणि आता, पलीकडून..."

टक. टक.

वहिनी खुर्चीसकट मागे सरकली. "तुम्ही ना!"

"छान जमलं की नाही? गुडघ्याने," दादा खूश होऊन म्हणाला. "टेबलाच्या खालून."

टक. टक.

"पुरे आता," वहिनी म्हणाली.

"आत्ता मी नव्हतो." दादाने दोन्ही गुडघे उजेडात आणून दाखवले.

तिघांनी हळूहळू आईच्या खोलीकडे मान वळवली. धाकटीचा अंगठा सातवर फिरत होता.

"उंदीर," वहिनी म्हणाली.

"उंदीर मोजून ठोकत नाही," धाकटी म्हणाली.

मग दादाच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, आपला लिफ्टवाला! बेलचे सेल मी काढलेत. बेल वाजेना म्हणून तो मागच्या अंगणात गेला असणार. त्या खोलीच्या मागच्या दाराला आतून कडी आहे, तेच ठोकत बसलाय. बाहेर अडकला बिचारा!"

सगळं इतकं चोख जुळलं की वहिनीला हसू आवरेना. दादाने डबा उघडला, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मांत्रिकमहाराज, एवढे मंत्र येतात आणि दार उघडत नाही होय?"

"कसलं दार?" पलीकडून हॉर्न ऐकू येत होते. "अरे, मी अजून पुलावर आहे. चाक पंक्चर झालंय. तुम्ही सुरू करा."

वहिनीचं हसू तोंडातच राहिलं.

टक. टक.

"ए, ठोकतंय कोण?" फोन म्हणाला. "सुतार आलाय का?"

दादाने फोन बंद केला. टॉर्चचा लाल उजेड मंदावायला लागला, पण उठून दिवा लावायचं धाडस कोणात नव्हतं.

"आपण... शेजारी जाऊन बसू या का?" वहिनीने कुजबुजत विचारलं. "राक्षसीण म्हणून नाही, मी म्हणून विचारतेय."

धाकटी हलली नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा हाक मारायला म्हणून धाकटीनेच तिच्या हाती चमचा दिला होता आणि नियमही घालून दिला होता, तो दादा-वहिनीलाही ठाऊक होता. तीन ठोके म्हणजे हाक; एक-दोन म्हणजे काहीतरी पडलं असेल. आईचे दोन ठोके लागोपाठ यायचे आणि तिसरा दम घेऊन. त्या शेवटच्या संध्याकाळी दोन आले होते. धाकटी स्वयंपाकघरात, हातातलं भांडं तसंच धरून, तिसऱ्याची वाट पाहत उभी राहिली होती. तिसरा आलाच नाही, आणि ती खोलीत पोचली तेव्हा आई उरली नव्हती. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

टक. टक.

तिघेही तिसऱ्याची वाट पाहू लागले.

"फासा टाक," दादा म्हणाला. सांगण्यासारखं दुसरं काहीच त्याला सुचलं नसावं.

धाकटीने फासा हलकेच टेबलावर ठेवला. टाकला नाही. मग पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक पितळी किल्ली काढली. लाल उजेडातही ती इतकी लखलखीत दिसत होती की रोज कोणीतरी अंगठ्याने घासत असावं.

"हरवली होती ना?" दादाचा आवाज चढला.

"नाही, दादा." धाकटी उठून उभी राहिली. "आता तिसऱ्याची वाट नको. मी दार उघडते."