सेव मऊ पडली त्याची गोष्ट

"बोलून दाखवलं की डाएट बोंबललंच म्हणून समजा!" हा शोध उज्जैनमधल्या माधव नगरच्या श्रीकांत पाग्यांनी लावला होता, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. आजवर जेव्हा जेव्हा त्यांनी 'कल से कचोरी बंद' असं जाहीर केलं, तेव्हा तेव्हा दुसऱ्याच दिवशी अख्खं ऑफिस आग्रह करायला उभं! म्हणून या खेपेला सगळं मुकाट्याने, आणि एका वेळी एकच गोष्ट. आधी पोह्यावरची सेव गेली. ते अंगवळणी पडल्यावर चहातली साखर निम्मी झाली. मग संध्याकाळची कचोरी सुटली, ताटातली भाजी वाढली. पोट आत गेलं, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. श्रीकांतराव खूश!

त्यांच्या पत्नी विजयाबाई मात्र धास्तावल्या. डब्यातली सेव चक्क मऊ पडली होती! सेव मऊ पडायला आधी ती उरावी लागते, आणि माळव्यातल्या घरात सेव उरते म्हणजे काय? त्यात नवऱ्याची पँट ढगळ झालेली. "तब्येत बरी आहे ना?" विचारलं तर गूढ हसून म्हणतात, "एकदम मस्त!" लपवणारा माणूस दुसरं काय म्हणणार? त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि नानाखेड्याला नणंदेला फोन केला.

ही नणंद म्हणजे अक्का, श्रीकांतरावांची थोरली बहीण. यजमानांना, म्हणजे विष्णुपंतांना, गाडी काढायला लावून ती पोळी तव्यावर टाकून आल्यासारखी हजर झाली. भावाचा हात हातात घेतला.

"श्रीकांता, मला सगळं कळलंय. कधीपासून चाललंय हे?"

श्रीकांतराव चपापले. बिंग फुटलं वाटतं! "होळीपासून, अक्का. कुणाला कळू द्यायचं नव्हतं."

"एकटाच सोसत होतास रे?"

"सुरुवातीला त्रास झाला. आता सवय झाली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर काय करणार? हे ज्याचं त्यानेच निभावायचं असतं."

अक्काने भावाचा हात आणखी घट्ट धरला. "आणि... किती दिवस?"

"किती दिवस काय? आता हे मरेपर्यंत!"

अक्काने असा हंबरडा फोडला की समोरच्या शैलावहिनी कणकेच्या हातांनी धावत आल्या.

"अगोबाई! कधी गेले?"

"कोण गेलं?" श्रीकांतरावांनी घाबरून विचारलं.

"इश्श, तुम्ही तर बसलेले आहात!" शैलावहिनी जरा हिरमुसल्याच.

आता कुठे श्रीकांतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, मला काही झालेलं नाही! मी फक्त सेव-कचोरी सोडली!"

"उज्जैनमध्ये राहून?" विष्णुपंत गरजले. "सफेद झूठ! चल, बस गाडीत!"

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, बोटातलं रक्त तपासलं, वजन केलं. विजयाबाई दाराशी उभ्या राहून डॉक्टरांचा चेहरा न्याहाळत होत्या.

"क्या बात है, पागेजी! सब बढ़िया! पिछले साल तो मैं आपको डाँट रहा था. क्या किया?"

श्रीकांतरावांनी सगळं सांगितलं. डॉक्टर हसले. "ऐसे ही टिकता है. धीरे-धीरे!"

विजयाबाई हसता हसता रडायला लागल्या. "अहो, सांगायचं तरी! रात्रंदिवस महाकालाला हात जोडत होते मी!"

"अगं, तुला सांगितलं असतं तर तू कौतुकाने शिरा केला असतास!"

विजयाबाईंच्या मनात तेव्हा नेमका शिराच आला होता.

सगळे उठले, तोच डॉक्टरांची नजर विष्णुपंतांवर गेली. त्यांना दवाखान्याच्या पायऱ्यांनीच घाम फुटला होता. "आप भी ज़रा बैठिए." दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळला गेला. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, पुन्हा आवळला.

"अरे, पेशंट तो ये हैं! घबराइए मत, वक़्त पर आ गए. पर खाना आज ही से बदलिए."

अक्काचे डोळे तत्क्षणी कोरडे झाले. परतताना गाडीत तिचं एकच सुरू होतं. तुपात बुडवलेले बाफले बंद, तूप बंद, दुधाची घट्ट शिकंजी बंद! श्रीकांतरावांना तर ती विसरूनच गेली. ते खिडकीची काच खाली करून निवांत वारा खात बसले.

स्टिअरिंगवरून मान किंचित वळवून विष्णुपंत दबक्या आवाजात म्हणाले, "भल्या माणसा, तू थोडासा तरी आजारी निघायला हवा होतास!"